रंभाबाई बॉम्ब टाकतात

सुरतेत भेस्तानला रेल्वेचं फाटक ओलांडून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत रंभाबाईंचं घर. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा. मागची खोली स्वयंपाकाची, झोपायची आणि भांडायची. पुढची मात्र रंभाबाईंनी कायम राखलेली. तिथे बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, एक दिवाण, घडी करून भिंतीला टेकवलेली सतरंजी, आणि वर्षातले तीन महिने, दर रविवारी दुपारी, गल्लीतल्या बारा-पंधरा बायका. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. त्या दिवसांत ग्रंथवाचन चालतं. या गल्लीचं वाचन सात वर्षं रंभाबाईंच्या पुढच्या खोलीत होत होतं आणि ग्रंथ वाचत होत्या रंभाबाई.

हे वाचणं साधं नव्हतं. रंभाबाई भुसावळकडच्या. लग्न होऊन सुरतेला आल्या तेव्हा त्यांना अंगठा उठवता येत होता, बाकी काही नाही. नवरा, सोमाभाऊ, रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर होता, पुढे फाटकवाला झाला. रंभाबाईंनी वीस वर्षं लूमच्या कारखान्यात बॉबिन भरले. चाळिशीला आल्यावर गल्लीत साक्षरता वर्ग निघाला, तेव्हा तिसरीतल्या मुलीची पाटी बगलेत मारून त्या तिथे जाऊन बसल्या आणि दीड वर्षात जोडाक्षरांपर्यंत पोचल्या. अजूनही लांब शब्द आला की त्या थांबत, बोट ठेवत, ओठांतल्या ओठांत तो तोडून पाहत आणि मग मोठ्यानं म्हणत. बायका तोवर थांबत. एक उषाबाई थांबत नसत. उषाबाई दोन घरं सोडून राहायच्या आणि सातवी पास होत्या. रंभाबाईंचं बोट शब्दावर टेकायच्या आत त्या शब्द सांगून मोकळ्या व्हायच्या, आणि वर म्हणायच्या, ‘‘असू द्या, असू द्या, वाचा तुम्ही.’’

या बायकांच्या मंडळाचा एक नियम होता. ज्या घरी वाचन, त्या घरची बाई वाचणार.

नव्व्याण्णव सालच्या जूनमध्ये रंभाबाईंचा मुलगा धम्मपाल याने पुढच्या खोलीत चार कॉम्प्युटर आणून मांडले. त्याचा डिप्लोमा झाला होता, नोकरी लागत नव्हती, आणि कपडा मार्केटमधलं एक ऑफिस बंद होताना जुनी यंत्रं काढत होतं. दिवाण मागच्या खोलीत गेला. ओट्यावर पाटी लागली. सकाळ-संध्याकाळ मुलं येऊन टायपिंग आणि हिशेबाचं शिकू लागली. रंभाबाईंना बरंच वाटलं. त्यांनी चारही यंत्रांना जुन्या साडीची झाकणं शिवली, काठ पुढे येईल अशी.

अडचण रविवारची झाली. रविवारी दुपारी शिकवणी नसे, तेव्हा मुलं खेळायला येत. चारही कॉम्प्युटर वायरने एकमेकांना जोडलेले होते. दोन मुलं एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, आणि पडद्यावर एक मोठं गोदाम. त्यात पोती, खोकी, शिडी, दोन दारं. हातात बंदूक, कमरेला तीन बॉम्ब. एका बाजूचे दोघं पडले की डाव संपला. उरलेली मुलं मागे उभी राहून आपला नंबर येईपर्यंत गुजराती, हिंदी आणि मराठीत सल्ले देत.

‘‘वर्षावास लागतोय,’’ रंभाबाई म्हणाल्या. ‘‘रविवारी बायका येतील.’’

‘‘आई, रविवारच्या खेळावर तर पोरं येतात. खेळायला आलेलीच पुढे क्लासला बसतात. वाचन या साली उषामावशीकडे ठेव ना.’’

‘‘तिच्या भिंतीला लागून लूम आहेत. खटखट चालू असते. काय ऐकू येणार?’’

‘‘मोठ्यानं वाचायचं.’’

मोठ्यानं कोण वाचणार, ते रंभाबाईंनी सांगितलं नाही. त्या मागच्या खोलीत गेल्या आणि त्या दिवशीच्या आमटीत मीठ दोनदा पडलं.

नंतरच्या रविवारी त्या मधल्या दारात तांदूळ निवडत बसल्या आणि पडदे बघू लागल्या. धम्मपालच्या समोर ओंकार खेळत होता. ओंकार म्हणजे उधन्याच्या एका मराठी शिक्षकांचा मुलगा, कॉलेजातला, उंच, आणि बसल्या जागी पाय हलवणारा. त्याने पोत्यांमागे लपलेल्या मुलावर बॉम्ब टाकला. तो मुलगा पळाला. ओंकारने दुसरा टाकला. मुलगा पुन्हा पळाला.

‘‘त्याच्यावर कशाला टाकतोस?’’ रंभाबाई तांदळातून वर न बघता म्हणाल्या. ‘‘त्याच्या मागं टाक. पुढं तुझा माणूस उभा कर.’’

‘‘काकू, बॉम्ब असा टाकतात. तुम्हाला नाही कळायचं.’’

‘‘आणि टाकायची घाई किती ती. पडल्यावर तीन मोजेपर्यंत फुटत नाही. तेवढ्यात तो चहा पिऊन येईल.’’

मागे उभी असलेली मुलं हसली. ओंकारला ते लागलं. तो खुर्चीतच वळला. ‘‘मग तुम्ही बसा ना काकू. आम्हाला हरवा आणि रविवार तुमचा. दोन ते पाच. काय धम्माभाई?’’

धम्मपालने मान हलवली नसती, पण आठ मुलं त्याच्याकडे बघत होती. ‘‘चालेल,’’ तो म्हणाला. ‘‘आणि हरलीस, तर वाचन उषामावशीकडे. नंतर कुरकुर नाही.’’

‘‘नाही,’’ रंभाबाई म्हणाल्या आणि तांदळातला खडा दाराबाहेर टाकला.

आता हे सगळं त्यांना कुठून कळलं, तर उंदरांवरून.

प्लेगच्या साली अर्धं सुरत मिळेल त्या गाडीला लटकून बाहेर गेलं. सोमाभाऊंची फाटकावर ड्यूटी होती, म्हणून हे घर राहिलं. गल्लीत माणसं कमी आणि उंदीर जास्त अशी अवस्था. औषध घालून मारायला रंभाबाई तयार नव्हत्या. रोज सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी पिठात विष कालवायचं, हे त्यांना पटेना. म्हणून त्यांनी पिंजरा आणला आणि स्वतःची एक रीत बसवली. उंदीर भिंत सोडत नाही. तो पोत्यामागे शिरला, की त्याच्यावर काही मारायचं नाही. एक बटाटा घ्यायचा आणि समोरच्या भिंतीवर असा टाकायचा, की तो आपटून उंदराच्या पाठीमागे पडेल. उंदीर आवाजापासून दूर, भिंत धरून, पुढे पळणार. पुढे बारा वर्षांची चैताली, रंभाबाईंची मुलगी, पिंजऱ्याचं दार उघडं धरून बसलेली. त्या पावसाळ्यानंतर त्यांनी सगळ्या गल्लीचे उंदीर धरले आणि पिंजरे रुळापलीकडे खाडीशी नेऊन उघडले.

‘‘पलीकडच्या लोकांनी काय पाप केलं?’’ सोमाभाऊ विचारायचे.

‘‘पलीकडं घरं नाहीत.’’

‘‘होतील.’’

झालीही. पण तोवर रंभाबाईंचा हात बसला होता.

चैताली आता सतरा वर्षांची होती आणि खेळात भावापेक्षा चांगली होती, फक्त तिला नंबर मिळत नसे. दुपारी एक ते दोन क्लास रिकामा असे. त्या तासात तिने आईला शिकवायला घेतलं. पहिला दिवस रंभाबाई सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून चालत होत्या. दुसऱ्या दिवशी वळता आलं. बंदूक काही जमेना. बाण समोरच्या माणसावर नेईपर्यंत तो माणूस निघून जायचा.

‘‘जाऊ दे बंदूक,’’ चैताली म्हणाली. ‘‘बॉम्ब बघ. हे बटण दाबून धरलं, की तो हातातच मोजायला लागतो. सोडलं, की जातो. लवकर सोडलास तर समोरचा पळतो. उशीर केलास तर आपल्याच हातात फुटतो.’’

‘‘म्हणजे दुधाचं पातेलं,’’ रंभाबाई म्हणाल्या. आयुष्यभर त्या दूध गॅसवर ठेवून कपडे वाळत घालायला गेल्या होत्या आणि साय चढायच्या नेमक्या अलीकडे परतल्या होत्या. त्यांनी बटण दाबलं, एक, दोन, आणि सोडलं. बॉम्ब खोक्याच्या कडेला आपटला, वळला आणि पोत्यांमागे पडता पडता फुटला.

चैतालीने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाली, ‘‘परत कर.’’

शुक्रवारी रंभाबाईंनी मधेच हात थांबवला. ‘‘चैताली, यात कुणी मरतं का गं?’’

‘‘पडतं. पुढच्या डावात उठतं.’’

‘‘दुखत नाही ना?’’

‘‘ओंकारला दुखतं. फार दुखतं.’’

‘‘तेवढं चालतं,’’ रंभाबाई म्हणाल्या.

बुधवारी वर्षावास लागणार होता. त्याआधीच्या रविवारी, दुपारी दोन वाजता, सामना ठरला. एकीकडे धम्मपाल आणि ओंकार, दुसरीकडे रंभाबाई आणि चैताली. नऊ डाव, पाच जिंकेल त्याचा रविवार. टेबलं पाठीला पाठ लावून ठेवली, म्हणजे कुणाला कुणाचा पडदा दिसू नये. सोमाभाऊंची सुट्टी होती. ते पंच. त्यांनी फाटकावरची हिरवी-लाल झेंडी आणली होती आणि स्टुलावर बसून त्यांनी सांगितलं, की हिरवी दाखवल्याशिवाय कुणी बटणाला हात लावायचा नाही, मग तो पोरगा असो की बायको.

पहिल्याच डावात रंभाबाईंचा बॉम्ब शिडीला आपटून परत आला आणि रंभाबाई व चैताली दोघी एकदमच पडल्या.

‘‘काकू, आमच्यासाठी काही ठेवा ना,’’ ओंकार म्हणाला. मुलं भिंतीला टेकून हसत होती.

दुसऱ्या डावात चैताली आधीच पडली आणि रंभाबाईंना धम्मपालने गोळी घातली. त्यांना कुठून ते कळलंही नाही.

‘‘आई, घाम पूस,’’ चैताली हळूच म्हणाली. ‘‘हे गोदाम नाही. आपली मागची खोली आहे. ओंकार ज्वारीच्या पोत्यामागे बसलाय.’’

रंभाबाईंनी पदराने हात पुसला. तिसऱ्या डावात ओंकार पोत्यांमागे गेला. रंभाबाईंनी बटण दाबलं. एक, दोन. बॉम्ब भिंतीवरून वळून पोत्यांच्या पलीकडच्या टोकाला फुटला. ओंकार अलीकडच्या टोकाने बाहेर पळाला आणि सरळ चैतालीच्या बंदुकीसमोर आला. मग धम्मपाल खोक्यांमागे लपला. एक, दोन. तोही अलीकडे पळाला.

चौथा डाव तसाच. पाचवाही तसाच. तीन-दोन.

मुलांचं हसणं थांबलं होतं. एक जण गुजरातीत म्हणाला, ‘‘आ माशी तो भारे छे,’’ ही मावशी तर जबरी आहे, आणि मागच्या मुलांपैकी निम्मी टेबलाला वळसा घालून रंभाबाईंच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

धम्मपाल मात्र पडद्याकडे न बघता छताकडे बघत होता. मग तो ओंकारकडे झुकला. ‘‘पळू नकोस,’’ तो म्हणाला. ‘‘हा बटाटा आहे.’’

‘‘काय?’’

‘‘बॉम्ब नाही, बटाटा आहे. आमच्या घरी हेच चालायचं. ती मागे टाकणार, पुढे चैताली टपलेली असणार. बॉम्ब पडला तरी जागा सोडायची नाही. तो लांब पडतो, लागत नाही. नुसतं घाबरवते ती.’’

सहावा डाव मुलांचा. सातवाही. बॉम्ब फुटत होते आणि कुणी बाहेर येत नव्हतं. तीन बॉम्ब संपले, की रंभाबाई नुसत्या उभ्या राहत आणि त्यांना कुणीतरी येऊन गोळी घालत असे.

‘‘अहो, पाणी पिऊ का?’’ रंभाबाईंनी विचारलं.

‘‘लाल आहे. प्या,’’ सोमाभाऊ म्हणाले.

आठवा डाव एकट्या चैतालीने काढला. ओंकारला एका जागी बसवेना. त्याचा पाय टेबलाखाली हलायला लागला, तसा पडद्यावरचा ओंकारही शिडीवरून डोकं काढायला लागला. चैतालीने त्याला टिपलं आणि त्याला हाक मारायला वळलेल्या भावालाही टिपलं. चार-चार.

नवव्या डावाला खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. हिरवी झेंडी पडली. रंभाबाईंचे दोन बॉम्ब सुरुवातीलाच वाया गेले. मग ओंकार आणि चैताली दारात समोरासमोर आले, दोघांनी एकदमच गोळ्या झाडल्या आणि दोघंही पडले.

‘‘सॉरी आई,’’ चैताली म्हणाली आणि खुर्ची मागे सारली.

आता गोदामात आई आणि मुलगा. रंभाबाईंकडे एक बॉम्ब आणि एक बंदूक, जिचा त्यांना उपयोग नव्हता. धम्मपाल पोत्यांमागे. त्याला घाई नव्हती. आई कधीतरी बॉम्ब टाकेल, तो कुणालाच लागणार नाही, मग आपण सावकाश जाऊ, हे त्याला माहीत होतं. रंभाबाईंनाही माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर उषाबाईंच्या खोलीतली सतरंजी आली, मधोमध मांडी घालून बसलेल्या उषाबाई आल्या, आणि न अडखळता धाडधाड वाचत सुटलेला त्यांचा आवाज आला, मागे खटखट.

बटाट्याचं काम संपलं, त्या मनात म्हणाल्या. उंदराला बटाटा कळत नाही, याला कळतो.

मग त्यांनी उंदराचा विचार सोडून पोराचा विचार केला. धम्मा लहान असताना कप फोडायचा, शाई सांडायचा. रंभाबाई उलथनं घेऊन उठल्या, की गल्लीतली इतर पोरं असती तर बाहेर पळाली असती. धम्मा बाहेर पळायचा नाही. तो आत यायचा आणि दाराआड उभा राहायचा. काल तिथेच सापडून मार खाल्लेला असला तरी आज पुन्हा तिथेच. पाच वर्षांचा असताना एकदा रंभाबाईंना तो दाराआड दिसला नव्हता, तेवढ्या एका दिवसावर त्याचा विश्वास होता.

पोत्यांच्या डाव्या हाताला गोदामाचं दार होतं, आत उघडलेलं.

रंभाबाईंनी शेवटचा बॉम्ब हातात घेतला. बटण दाबलं. एक. आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या, एकोणीस वर्षांपूर्वीच्या आवाजात ओरडल्या, ‘‘धम्मा!’’

ओट्यावरची कोंबडी उडाली. धम्मपालचा हात त्याला न विचारता हलला. पडद्यावरचा धम्मपाल पोत्यांमागून उठला, डावीकडे धावला आणि दाराआड जाऊन उभा राहिला.

दोन. बॉम्ब दारामागच्या भिंतीवर आपटून खाली पडता पडता फुटला.

खोलीत एवढा गोंधळ झाला, की सोमाभाऊंना दोन्ही झेंड्या हलवाव्या लागल्या. रंभाबाईंच्या मागची पोरं नाचत होती. ओंकारने डोकं टेबलावर टेकलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता.

‘‘हे बरोबर नाही,’’ धम्मपाल उभा राहून म्हणाला. ‘‘बाबा, ती खरोखरचं ओरडली. खेळात नाही, बाहेरून ओरडली.’’

सोमाभाऊंनी विचार केला. ‘‘मघा तो ओंकार टोमणे मारून राहिला होता, ते काय होतं? भजन? ओरडायला बंदी नव्हती. गाडी पास.’’

‘‘पण आई, तुला कसं कळलं मी तिथं जाईन?’’

‘‘मला कुठं कळलं,’’ रंभाबाई म्हणाल्या. ‘‘तूच गेलास.’’

त्या उठल्या आणि लगेच चहा टाकायला मागे गेल्या. धम्मपाल रात्री ताटावरून लवकर उठला. शनिवारी संध्याकाळी मात्र त्याने कुणी न सांगता टेबलं भिंतीला सरकवली, वायरी गुंडाळून वर बांधल्या, झाकणं घातली आणि टेबलफॅन रंभाबाई बसायच्या त्या बाजूला वळवून ठेवला.

रविवारी दोन वाजता बायका आल्या. जयभीम झाला, सतरंजी पसरली, मेणबत्ती लागली. रंभाबाईंनी ग्रंथ उघडला आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच पानावर एक लांबलचक शब्द आला. रंभाबाईंचं बोट थांबलं. उषाबाईंनी तोंड उघडलं. रंभाबाईंनी ग्रंथावरची नजर न काढता डावा हात वर केला, तो तसाच धरला, शब्द तोडून पाहिला, जोडून पाहिला आणि खणखणीत म्हटला. मग हात खाली घेतला. उषाबाईंनी तोंड मिटलं.

पावणेचारला वाचन संपलं. वंदना झाली, खीर झाली. एरवी बायका आता उठत, कुणाचा नळ येणार असे, कुणाचा नवरा पाळीवरून. आज कुणी उठेना. उषाबाई वाटी चाटून झाल्यावरही बसून होत्या आणि भिंतीशी झाकलेल्या कॉम्प्युटरांकडे बघत होत्या.

‘‘रंभाबाई,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आमचा बारका सांगत होता. तुम्ही म्हणे पोरांना बॉम्ब टाकून टाकून घरी पाठवलं.’’

‘‘पोरं काही पण सांगतात.’’

‘‘ते कुठनं टाकायचं असतं? नुसतं विचारते.’’

बाकीच्या बायका वाट्यांमध्ये बघू लागल्या, पण उठायला म्हणून एकीनेही वाटी पुढे सरकवली नाही. रंभाबाईंनी ग्रंथ कापडात गुंडाळून फोटोखाली ठेवला. मग घड्याळ पाहिलं.

‘‘आधी हात धुवून या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘साबणानं. चिकट हातानं कुणी शिवायचं नाही. चैताली, वायरी सोड.’’

बायका मोरीकडे गेल्या. उषाबाई सगळ्यांच्या आधी परत आल्या, झाकणाची घडी केली, खुर्चीत बसल्या आणि माऊसवर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘हं. आता?’’

‘‘थांबा हो. घाई करू नका. मी सांगते,’’ रंभाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

सव्वाचारला धम्मपालने पुढचं दार हळूच ढकललं. मागे ओंकार आणि चार-पाच मुलं होती. आतून धडाम असा आवाज आला, पाठोपाठ बायकांचा हशा, आणि उषाबाई कुणाला तरी ‘‘माझ्यावरच टाकलास की गं,’’ म्हणताना ऐकू आल्या.

‘‘आई, वाचन झालं ना तुमचं?’’

‘‘झालं.’’

‘‘मग?’’

रंभाबाई दारात आल्या. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग त्याच्या डोक्यावरून ओंकारकडे. ‘‘दोन ते पाच ठरलं होतं,’’ त्या म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.